जास्तीचं कापड

मास्तर म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणारा माणूस, आणि शिंपी असल्यामुळे सुताला त्यांच्याकडे कधी तोटा नव्हता. गिऱ्हाईक कंबरेचं माप देताना पोट आत ओढतं, उंचीचं देताना टाचा उचलतं आणि कोट घट्ट झाला की धोब्याला शिव्या घालतं, हे वर्षानुवर्षं पाहून त्यांचं एक मत पक्कं झालं होतं. माणूस खोटं बोलतो, टेप बोलत नाही. त्या टेपवरही त्यांचा पुरता विश्वास नव्हताच. जुनी टेप ताणून लांबते म्हणून ते दरवर्षी नवी आणत.

दुकान पुढे आणि घर मागे. मध्ये एक जाड निळा पडदा. गिऱ्हाईक आलं की त्यामागे कपडे घालून बघायचं, आणि नसलं की तिथल्या स्टुलावर बसून बटण अभ्यास करायची. बटण म्हणजे मास्तरांची मुलगी. अकरा पूर्ण होऊन बारावं लागलेलं, पण अनोळखी माणसं अजून तिला "कितवीत आहेस गं, दुसरीत?" असं विचारायची. वर्गात तिला बेंचवर उभं राहून फळा पुसावा लागे आणि पोरं म्हणत, मूर्ती लहान, डस्टर महान. ती हसून सोडून द्यायची. घरी आल्यावर मात्र पडद्यामागच्या आरशात टाचा उचलून बघायची. ते मास्तरांनी पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं दाखवलं होतं.

मास्तरांची एक सवय होती. वाढत्या पोराचा कपडा आला की ते खालच्या दुमडीत चांगलं चार बोटं कापड सोडत आणि पोराच्या आईला म्हणत, "जास्त सोडलंय. जास्त असलं तर आत घेता येतं. कमी पडलं तर ब्रह्मदेव आला तरी काही करू शकत नाही." बटणच्या प्रत्येक पँटीतही अशी दुमड होती. चार वर्षं त्या दुमडी तशाच्या तशा राहिल्या. पँटी विटल्या, गुडघ्यावर फाटल्या, पण दुमड उसवायची वेळ काही आली नाही. शेवटी शाळेतल्या बाईंनीच सांगितलं की पोरीला डॉक्टरांकडे न्या.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की वाढीसाठी जे हार्मोन लागतं, ते हिच्या अंगात पुरेसं तयार होत नाही. बाहेरून द्यावं लागेल. रोज संध्याकाळी, इंजेक्शनने, हाडांची टोकं मिटेपर्यंत. "एकदा ती मिटली की मग वाढ नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून आता वेळ घालवू नका."

इंजेक्शन दिसायला पेनसारखं होतं. आत औषधाची कुपी घालायची, पुढे नवी सुई लावायची, मागची चकती फिरवून आकडा जुळवायचा, टोचायचं आणि दहापर्यंत मोजायचं. ते काम बटणच्या आईचं. ती पोस्टात काउंटरवर होती. संध्याकाळी आली की हात धुवायची, फ्रिजच्या दारातून पेन काढायची आणि पोटावर एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे टोचायची. मास्तर तेव्हा दुकानात काहीतरी काम काढत. आयुष्यभर सुया हाताळलेला माणूस, पण पोरीच्या पोटातली सुई त्यांना बघवत नसे.

आणि औषध लागू पडलं. सहा महिन्यांत मास्तरांनी पहिली दुमड उसवली. त्या रात्री ते उगीचच मशीनला तेल देत बसले आणि स्वतःशी गुणगुणत राहिले.

पण सुख दुखायला लागतंच काही माणसांना. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "उंची छान चाललीय. उपाशीपोटीची साखर मात्र थोडी वर सरकलीय. अजून हद्दीत आहे."

साखर म्हटल्याबरोबर मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांचे वडील साखरेनेच गेले होते. आधी पायाचं एक बोट, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. ज्या पायाने त्यांनी मशीन चालवायला शिकवलं, तोच पाय.

"गोड तर आमच्याकडे फारसं होत नाही," ते म्हणाले.

"गोडाचा प्रश्न नाही, मास्तर. हे औषध नुसती उंची वाढवत नाही. ते अंगातली चरबी जाळायला काढतं आणि इन्सुलिनचं काम अवघड करून ठेवतं. मग तेवढीच साखर आटोक्यात ठेवायला शरीराला जास्त इन्सुलिन तयार करावं लागतं. बहुतेक मुलांचं शरीर हे निभावून नेतं. तुमच्या घराण्यात साखर आहे म्हणून आपण हिच्यावर जास्त लक्ष ठेवू. तीन महिन्यांनी परत या. डोस आहे तोच."

समजावून सांगितलं होतं अगदी नीट. पण मास्तर ज्या गोष्टीला घाबरत, ती कोणी समजावून सांगितली की त्यांना सांगणाऱ्याचाच संशय येई. परत येताना ते बायकोला म्हणाले, "औषधाने कुठे साखर वाढते? साखर साखरेने वाढते. घरात कुठेतरी पाणी मुरतंय."

"अहो, त्यांनी एवढं सांगितलं ना!"

"त्या घरी येऊन बघतात का कोण काय खातं ते?"

घरात गोड खाणारी एकच व्यक्ती होती, आणि ती म्हणजे मास्तरांच्या सासूबाई. सासूबाई मागच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसून मोजे विणायच्या आणि त्यांच्या स्वेटरच्या खिशात कायम गोळ्या असायच्या, कागदात गुंडाळलेल्या, चोखायच्या. दुपारी घरात त्या आणि बटण, दोघीच. मास्तरांनी मनात खटला चालवला आणि निकालही देऊन टाकला.

मग सुरू झाला पहारा. साखरेच्या डब्यावर आत साखर जिथवर आहे तिथे बाहेरून खडूची रेघ. बिस्किटांच्या डब्याच्या झाकणावर आडवा दोरा, असा की उघडला की तुटेल. सासूबाईंच्या खिशातल्या गोळ्या त्या आंघोळीला गेल्या की मोजायच्या. एवढ्या वयाचा माणूस सासूच्या स्वेटरच्या खिशात हात घालून उभा, हे दृश्य कोणी पाहिलं असतं तर गल्लीला वर्षभर पुरलं असतं.

पाहिलं कोणी नाही, पण सासूबाईंना कळलं. त्यांनी एक दिवस खिशातल्या सगळ्या गोळ्या काढून कापण्याच्या टेबलावर ओतल्या.

"घ्या जावईबापू, मोजा. आणि तो डब्यावरचा दोरा जरा बारीक वापरत जा, चष्म्याशिवाय दिसतो मला."

"आई, तसं नाही. पोरीची साखर..."

"पोरीला मी एक गोळी दिली असेल तर माझी जीभ झडो. उलट तीच म्हणते, नको आजी, डॉक्टर काय म्हणतील. पोर वयाने लहान आहे, अकलेने नाही. ते तुमचं उलट झालंय."

मास्तर खजील झाले खरे, पण संशय गेला नाही. संशयाचं असं असतं की एका दाराने हाकला, तो दुसऱ्या दाराने येऊन बसतो. त्याच दिवशी दुकान बंद करताना ते बायकोला म्हणाले, जरा मोठ्यानेच म्हणाले, "ऐकून ठेव. पुढच्या तपासणीला साखर आणखी वर गेली, तर हे इंजेक्शन बंद. डॉक्टर काही म्हणोत. झाली तेवढी उंची पुरे. माझ्या बापाचा पाय मी गुडघ्यातून जाताना पाहिलाय."

"आणि पोरीचं काय? तिला काय वाटेल?"

"बुटकं राहून कोणी मरत नाही."

निळा पडदा हलत होता, पण दार उघडं होतं आणि वारा होता, त्यामुळे त्याचं कोणालाच काही वाटलं नाही.

त्यानंतरचे तीन महिने बटण अशी वाढली की दुमडी उसवायला मास्तरांना फुरसत मिळेना. एक उसवली, दुसरी उसवली. लांबीचा आनंद होता, पण टेप दुसरंही काही सांगत होती. कंबर कमी होत होती. पोरगी पूर्वीच्या दुप्पट जेवायची, ताटातलं संपवून आईच्या ताटाकडे बघायची, आणि तरी पँट कमरेवर राहीना. गाल आत गेले होते. उलट पाय मात्र सुजल्यासारखे. संध्याकाळी मोजे काढले की इलॅस्टिकचा वळ खोल उमटलेला असे. सकाळी उठली की कपाळ दाबून बसायची. विचारलं तर म्हणायची, "काही नाही, झोप झाली नाही."

मास्तरांना काही सुचेना. गोड खाऊन कोणी बारीक होत नाही, एवढं त्यांनाही कळत होतं. म्हणजे सासूबाई सुटल्या. मग कोण?

त्यातच औषधाची कुपी आणायला ते गेले, तेव्हा औषधवाला म्हणाला, "या वेळी लवकर आलात मास्तर. मागच्या खेपेलाही लवकरच आला होतात."

झालं. आता संशयाची पाळी औषधवाल्याची. मास्तरांनी कुपी उजेडासमोर धरली, उलटी केली, सुलटी केली. "भरलेली असते ना पूर्ण?"

"कंपनीतून सीलबंद येते हो. मी काय पाणी घालतो त्यात?"

"मी कुठे असं म्हणालो?"

"तोंडाने नाही म्हणालात," औषधवाला म्हणाला आणि त्याने पुढच्या गिऱ्हाइकाकडे मान वळवली.

मास्तर रस्त्यात दोनदा थांबले. सील खरंच शाबूत होतं. कुपी भरलेली येते आणि लवकर संपते. याचा अर्थ ती घरात संपते. आणि घरात ते पेन एकाच माणसाच्या हातात असतं. हा विचार मनात आल्यावर त्यांनाच स्वतःचा राग आला. पण विचार काही परत गेला नाही. बायकोला पहिल्यापासून घाई होती. "अजून थोडी उंची झाली असती तर," हे तिच्या तोंडचं नेहमीचं वाक्य. पोस्टात लोकांची पत्रं वजन करून करून जिचा हात काट्यासारखा झालाय, तिचा आकडा चुकेल कसा? चुकणार नाही. मुद्दाम लावला असेल तर गोष्ट वेगळी.

त्या संध्याकाळपासून मास्तर इंजेक्शनच्या वेळी घरात यायला लागले. पाणी प्यायच्या निमित्ताने, चष्मा शोधायच्या निमित्ताने. डोळ्यांत तेल घालून त्या चकतीकडे बघत. आकडा रोज बरोबर असे. अगदी डॉक्टरीणबाईंनी सांगितला तोच. त्यामुळे त्यांचा संशय आणखी वाढला. आपण बघतोय म्हणून बरोबर लावते, असं त्यांना वाटायला लागलं.

तपासणीचा दिवस आला. या वेळी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग त्यांनी बटणला बाहेरच्या खोलीत वजन करायला पाठवलं आणि दार लोटलं.

"साखर हद्दीच्या बाहेर गेलीय. इन्सुलिन तर फारच वर आहे, शरीर जिवाच्या आकांताने साखर खाली ढकलतंय. आणि एक गोष्ट. हे औषध दिलं की रक्तात एक घटक वाढतो, त्यावरून आम्हाला डोस कितपत पोचतोय ते कळतं. मी जेवढा डोस लिहून दिलाय, त्याने तो इतका वाढणं मला पटत नाही." त्या दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाल्या, "रागावणार नाही मी. खरं सांगा. डोस बरोबर जातोय ना?"

"मी रोज स्वतः देते," बायको म्हणाली.

मास्तर काहीच बोलले नाहीत, आणि बायकोने ते न बोलणं बरोबर ओळखलं.

"आज उद्या इंजेक्शन देऊ नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरी जाऊन शोधा काय होतंय ते, आणि मला फोन करा. हे असंच चालू राहिलं तर मला औषध बंदच करावं लागेल, आणि या वयात बंद करणं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगितलंय."

घरी येताना दोघं रस्त्याच्या दोन कडांनी चालले. बटण मध्ये चालत होती, एकदा बापाकडे, एकदा आईकडे बघत. तिला मागे आजीकडे पाठवून मास्तरांनी दुकानाचं दार आतून लावलं.

"खरं सांग," ते म्हणाले. "किती जास्त देतेस?"

बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की मास्तरांना बोललेले शब्द गिळता आले असते तर त्यांनी गिळले असते.

"मी? मी जास्त देते? अहो, कुपी लवकर संपते हे मला तीन महिने दिसतंय. मला वाटत होतं तुम्ही ओतून टाकताय!"

"मी? मी कशाला ओतू?"

"बंद करायचं तुम्हालाच होतं ना! उठता-बसता पाय आणि साखर, पाय आणि साखर. म्हटलं, हा माणूस गपचूप मोरीत ओतत असणार, म्हणजे कुप्यांचा खर्च झेपेनासा होईल आणि आपसूक बंद होईल. मी रात्री उठून कुपीला बॉलपेनाने खूण करायचे. सकाळी खुणेवरच असायची. संध्याकाळी पोस्टातून आले की खाली गेलेली असायची. दिवसा घरात कोण असतं? तुम्ही!"

"मी दुकानात असतो!"

"पाच पावलांवर तर आहे फ्रिज!"

एका छताखाली राहणारी दोन माणसं तीन महिने एकमेकांवर पाळत ठेवून होती आणि दोघांनीही तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. मास्तरांना एकदम फार एकटं वाटलं. बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती ते पुसत नव्हती.

"मी नाही ओतलं," मास्तर म्हणाले.

"मी नाही जास्त दिलं," बायको म्हणाली.

आणि गंमत अशी, की दोघांचाही एकमेकांवर विश्वास बसला. पण तो बसल्यावर जी भीती वाटली, ती संशयापेक्षा वाईट होती. कारण मग उरतं कोण?

दुसऱ्या दिवशी बटण शाळेतून आली. खेळाच्या तासाची हाफ पँट तिला आखूड होत होती, नवी बेतायची होती. मास्तरांनी तिला टेबलावर उभं केलं. कंबरेपासून गुडघ्यापर्यंत टेप सोडली आणि खाली वाकले. गुडघ्याच्या चार बोटं वर, डाव्या मांडीवर, त्यांना एक निळसर ठिपका दिसला. त्याच्या बाजूला पिवळट पडलेला दुसरा. वर आणखी एक.

डास नव्हे, खरचटलेलं नव्हे. सुईची खूण मास्तरांना कळणार नाही तर कोणाला? आणि तीही नव्या सुईची नाही. बायको रोज नवी सुई लावायची, तिने टोचलेलं दुसऱ्या दिवशी शोधून सापडत नसे. ही बोथट सुई होती, पुन्हा पुन्हा वापरलेली. बोथट सुई कापडालाही अशीच ओढते. बायको पोटावर टोचायची. मांडीवर, डाव्या मांडीवर, उजवा हात सहज पोचेल अशा जागी टोचणारं माणूस एकच असू शकत होतं. काखेत कळसा होता आणि मास्तर सासूच्या खिशापासून औषधवाल्याच्या दुकानापर्यंत वळसा घालून आले होते.

त्यांच्या हातातली टेप खाली पडली. ती उचलायला ते वाकले आणि तसेच जमिनीवर बसून राहिले.

"बटण," ते म्हणाले, "हे केव्हापासून?"

बटणने पँटची कड ओढून खुणा झाकल्या. मग सोडून दिली. तिलाही बहुधा लपवून लपवून कंटाळा आला होता.

"तुम्ही म्हणालात तेव्हापासून."

"मी काय म्हणालो?"

"पुढच्या तपासणीनंतर बंद. मी पडद्यामागे होते." ती टेबलावर उभी होती, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा बापाशी वरून खाली बघत बोलत होती. "मग माझ्याकडे तीनच महिने होते ना? तेवढ्यात जेवढं होईल तेवढं उरकायचं होतं. दुपारी आजी झोपली की घ्यायचे. आई देते तेवढंच, आणखी एकदा."

"अगं, पण जास्त घेतलं की त्रास होतो, एवढंही कळलं नाही तुला? डोकं दुखत होतं ना तुझं? ते का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही लगेच बंद केलं असतं." तिने पुन्हा पँटची कड ओढली. "आणि जास्त झालं तर मला वाटलं चालेल. तुम्हीच सगळ्यांना सांगता. जास्त असलं तर आत घेता येतं. कमी पडलं तर काहीच करता येत नाही."

ते वाक्य त्यांनी हजार गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं, आणि पडद्याआड बसून ते मनापासून ऐकणारं, खरं मानणारं गिऱ्हाईक एकच होतं.

"बाबा," बटणने विचारलं, "आता हे आत कसं घ्यायचं?"

मास्तर उठले. त्यांनी तिला टेबलावरून उचलून कडेवर घेतलं, पूर्वी घ्यायचे तसं, आणि तेव्हा त्यांना कळलं की तिचे पाय आता त्यांच्या गुडघ्यांना लागतात. ते रडले. शिंप्याने दुकानात गिऱ्हाइकाच्या समोर रडू नये, पण दुकानात दुसरं कोणी नव्हतं. "माझं चुकलं," ते म्हणाले. "डॉक्टर घेतील आत. मी बंद करणार नाही. ऐकतेस ना? बंद करणार नाही."

तिने फक्त त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, पण हसल्याही नाहीत. काही आठवडे औषध थांबवलं. सूज उतरली, डोकेदुखी गेली, साखर हळूहळू खाली आली. "मुलांचं शरीर सावरतं," त्या म्हणाल्या. "नशीब तुमचं, वेळेवर कळलं." मग एक दिवस त्यांनी पुन्हा सुरू करायला सांगितलं, आधीपेक्षा कमी डोसपासून, आणि तपासण्या लवकर लवकर. फ्रिजला कुलूप घालावं का, असं बायकोने विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कुलूप घालू नका. तिच्यासमोर बोलत जा, मागे बोलू नका." औषधवाल्याची माफी मागायला मास्तर स्वतः गेले. सासूबाईंची मागितली तेव्हा त्यांनी खिशातून एक गोळी काढून जावयाच्या हातावर ठेवली आणि "मोजा" म्हणाल्या.

आता संध्याकाळी पेन मास्तरांच्या हातात असतं. नजर वळवायची नाही, असं त्यांनी ठरवलंय. ते आकडा लावतात, बायको तो बघते, मग बटण बघते, आणि बटण सगळ्यांत जास्त वेळ बघते. चष्मा लावलेल्या बापाच्या हाताकडे, चकतीकडे, परत बापाच्या तोंडाकडे. कमी तर लावला नाही ना, हे ती बघत असते. मास्तरांना ती नजर ओळखीची आहे. ती त्यांचीच आहे.

"उद्या पण ना, बाबा?" सुई टेकायच्या आधी ती विचारते.

"उद्या पण."

"नक्की?"

"नक्की."

मग ती पोट पुढे करते आणि दहापर्यंत मोजते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पुन्हा तेच विचारते, आणि मास्तर पुन्हा तेच सांगतात. महिने झाले. तिचा अजून विश्वास बसलेला नाही.